पारदर्शक अॅल्युमिनियम आणि बातमीतून गळलेला आरसा

२००९ सालच्या जुलै महिन्यात एक बातमी जगभर फिरली. जर्मनीतील हॅम्बर्ग येथे शास्त्रज्ञांनी क्ष-किरण लेसरचा झोत टाकून अॅल्युमिनियम पारदर्शक केले, द्रव्याची एक आगळी अवस्था हाती लागली, 'स्टार ट्रेक'च्या १९८६ सालच्या चित्रपटात कल्पिलेली गोष्ट खरी झाली, असा तिचा सूर होता. त्याच सुमारास आम्ही एका शाळेच्या विज्ञान मंडळात बोलायला गेलो होतो. बातमी ताजी होती, समोर आठवी-नववीची मुले होती. आम्ही ती चांगली रंगवून सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, मग त्यातून पलीकडचं दिसलं का?" आम्ही म्हणालो, "अगं, क्षणभर दिसलंच असणार." आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

ते उत्तर साफ चूक होते. पलीकडचे काहीही दिसले नसते. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशासाठी तो पत्रा आधी होता तितकाच अपारदर्शक होता. पारदर्शक झाला तो १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला. तोही सुमारे ४० फेम्टोसेकंद, आणि एका मायक्रॉनहून लहान ठिपक्यापुरता. (एक फेम्टोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले तर त्यातला एक.) मूळ शोधनिबंधाच्या शीर्षकात 'पारदर्शक' हा शब्द होता, पण त्याच ओळीत 'तीव्र मृदू क्ष-किरणांनी' असेही होते. पुढच्या सांगणाऱ्यांनी पहिला शब्द ठेवला, बाकीचे सोडून दिले. त्या सांगणाऱ्यांत आम्हीही आलो, म्हणून या बातमीची थोडी उलटतपासणी करण्याचा हक्क आम्हाला आहे असे वाटते.

आमची तक्रार अतिशयोक्तीची नाही. विज्ञानाच्या बातमीत थोडा फुगारा असतो, तो वाचणाऱ्याला कळतो. तक्रार अशी, की या घटनेत ज्या वस्तूमुळे ती घडली ती वस्तूच बहुतेक वृत्तांतांतून गळली. लेसर किती लांब, किती वेगवान, किती शहरांना पुरेल एवढी त्याची शक्ती, हे सगळे आले. तो झोत मायक्रॉनभर ठिपक्यात आणला कोणी, हे आले नाही. तो एका वक्र आरशाने आणला. आणि वक्र आरसा हा तर आपल्या नववीच्या पुस्तकातला विषय! शाळेशी थेट जोडता येण्यासारखा एकच धागा त्या बातमीत होता, आणि नेमका तोच तुटला.

आरशावाचून काय झाले असते याचा हिशोब वर्गात फळ्यावर करता येतो. समजा, एका स्पंदात १० मायक्रोज्यूल ऊर्जा आहे. ही ऊर्जा म्हणजे काहीच नव्हे. मोहरीचा एक दाणा वीत-दीड वीत उचलायला ती खर्च होईल. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे ९२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तेव्हा या स्पंदात साधारण ६८,००० कोटी फोटॉन झाले. आता ५० नॅनोमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पापुद्रा घ्या. झोत एक मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याच्या वाटेत इतके अणू येतात की सुमारे साडेतीन हजार अणूंमागे एक फोटॉन पडतो. म्हणजे धातूला विशेष काही कळणारही नाही. तोच झोत एक मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्यात आणला की क्षेत्रफळ दहा लाख पटीने घटते आणि एकेका अणूच्या वाट्याला जवळजवळ तीनशे फोटॉन येतात. स्पंद १५ फेम्टोसेकंदांचा धरला, तर एका चौरस सेंटिमीटरला आठावर सोळा शून्ये इतके वॅट अशी तीव्रता होते. लेसर तोच, ऊर्जा तीच. मधला दहा लाखांचा गुणाकार आरशाचा आहे.

हे झाल्यावरच 'पारदर्शक' शब्दाला अर्थ येतो. अॅल्युमिनियमच्या अणूत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे ७३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ९२चा फोटॉन ते सहज करतो आणि त्यात स्वतः गिळला जातो, म्हणून एरवी हा प्रकाश धातूत शोषला जातो. पण एक इलेक्ट्रॉन निघून गेला की त्याच अणूत उरलेले आतले इलेक्ट्रॉन अधिक घट्ट धरले जातात. आता ९३च्या आसपास हवे असतात, आणि फोटॉन थोडक्यात कमी पडतो. जवळजवळ प्रत्येक अणूचा एकेक इलेक्ट्रॉन असा झटक्यात काढला, तर मागून येणाऱ्या प्रकाशाला गिळणारा कोणी उरत नाही. तो आरपार जातो. रिकामी जागा भरायला सुमारे ४० फेम्टोसेकंद लागतात, तेवढ्यापुरतीच ही सूट. त्यानंतर तो ठिपका तापून, मोठ्या ग्रहांच्या गाभ्यात असावे तसे दाट आणि उष्ण द्रव्य बनतो. शास्त्रज्ञांना खरा रस त्यात होता. खिडकीच्या काचेऐवजी अॅल्युमिनियम बसवण्याशी या प्रयोगाचा काही संबंध नव्हता.

आता आरशाकडे वळू. इथे तक्रारीचे दुसरे टोक आहे, आणि ते वर्तमानपत्राकडे नाही, आपल्या पाठ्यपुस्तकी सवयीकडे आहे.

क्ष-किरणांबद्दल मुलांच्या मनात एक वाक्य पक्के असते: ते सगळ्यातून आरपार जातात, त्यांचे परावर्तन होत नाही. या वाक्याचा उगम सन्मान्य आहे. १८९५ साली खुद्द राँटगेनने भिंगे आणि लोलक वापरून पाहिले आणि हे किरण भिंगाने एकत्र आणता येत नाहीत असे नोंदवले. त्याच्या साधनांच्या मर्यादेत ते बरोबरच होते. पण १९२३ साली कॉम्प्टनने दाखवून दिले की अगदी गुळगुळीत पृष्ठभागावर जवळजवळ समांतर, पृष्ठभागाला चाटून जाईल असा क्ष-किरण टाकला तर तो पूर्णपणे परावर्तित होतो. शंभर वर्षे होऊन गेली, तरी वाक्य बदललेले नाही.

लोकप्रिय लेखांतून हा मुद्दा येतो तेव्हा त्याबरोबर एक उपमा हटकून येते: तळ्यात चपटा दगड तिरपा भिरकावला की तो टप्पे खात जातो, तसा क्ष-किरण आरशावरून उडतो. चित्र छान आहे. पण ते काहीच समजावत नाही, उलट किरण म्हणजे दगड अशी समजूत करून देते. आणि गंमत अशी की समजावण्याचे साधन विद्यार्थ्याच्या दप्तरात आधीच असते. प्रकाश घन माध्यमातून विरळ माध्यमात तिरपा जाताना एका मर्यादेपुढे पूर्ण आंतरिक परावर्तन होते, हे त्याने शिकलेले असते. क्ष-किरणांसाठी काच किंवा धातू यांचा अपवर्तनांक एकापेक्षा किंचित कमी असतो, मृदू क्ष-किरणांसाठी हजारात एखादा भाग कमी. म्हणजे त्यांच्या लेखी निर्वात पोकळी 'घन' आणि काच 'विरळ'! तेव्हा बाहेरून येऊन काचेला चाटणारा किरण बाहेरच परत जातो. हजारात एक भाग धरून गणित केले तर हा चाटण्याचा कोन अडीच अंशांच्या आसपास निघतो. तोच किरण सरळ समोरून टाकला तर एक कोटीत दोन-तीन भागच परततात. दगडाच्या उपमेला जेवढ्या ओळी लागतात त्याहून दोन-चार जास्त ओळींत हे सांगून होते.

समोरून न परतण्याचा हा अडसर वाटतो त्याहून मोठा आहे. पुस्तकातल्या लेसरच्या आकृतीत दोन टोकांना दोन आरसे असतात आणि प्रकाश त्यांच्यामध्ये येरझारा घालत वाढतो. हॅम्बर्गच्या 'फ्लॅश' या लेसरमध्ये तशी जोडी नाही. वेगवान इलेक्ट्रॉनांना चुंबकांच्या लांबलचक रांगेतून नागमोडी नेऊन एकाच फेरीत प्रकाश तयार करावा लागतो. अशी यंत्रे एवढी अजस्र का, याचे उत्तर पुष्कळ अंशी 'चांगले आरसे नाहीत म्हणून' असे आहे.

मग अॅल्युमिनियमच्या प्रयोगातला आरसा कोणता होता? तो अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा, अक्षापासून बाजूला कापून घेतलेला तुकडा होता, आणि प्रकाश त्यावर जवळजवळ समोरून पडत होता. युक्ती त्याच्या लेपात होती. मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन यांचे नॅनोमीटर-नॅनोमीटर जाडीचे थर आळीपाळीने चढवलेले होते. एका जोडीची जाडी तरंगलांबीच्या साधारण निम्मी ठेवली की प्रत्येक जोडीतून परतणारे क्षीण तरंग एकमेकांशी मिळतात आणि सगळे मिळून दोन-तृतीयांश प्रकाश परत येतो. साबणाच्या फुग्यावरचे रंग शिकवताना आपण जे सांगतो तेच हे, फक्त हिशोबाने रचलेले. नाभीवरचा ठिपका खरोखर किती लहान आहे हे पाहण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. अॅक्रिलिकच्या तुकड्यावर झोत मारायचा, पडलेला खळगा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, आरसा किंचित हलवायचा आणि पुन्हा मारायचा. एवढ्या भारी यंत्राजवळ बसून माणसे प्लास्टिकला पडलेली भोके मोजत होती, हे एका वाक्यात आले असते तर बातमी किती जिवंत झाली असती!

आणि अन्वस्तच का? आपल्या धड्यातला अंतर्गोल आरसा गोलाचा तुकडा असतो. समांतर किरण येतात आणि एका बिंदूत मिळतात अशी नेटकी आकृती असते, नाभीय अंतर म्हणजे वक्रता त्रिज्येच्या निम्मे असे सूत्र असते. ती आकृती काटेकोरपणे खरी नाही. उन्हात ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात थोडे दूध घालून पाहा. दुधावर प्रकाशाचा बिंदू दिसत नाही, मध्ये टोक असलेली दोन कमानींची रेघ दिसते. कडेचे किरण मधल्या किरणांच्या जागी पोचत नाहीत, त्याचे हे चित्र आहे. बिंदूत गोळा करायचे तर गोल सोडून अन्वस्ताकडे जावे लागते. पुस्तकात 'लहान छिद्राच्या आरशासाठी' अशी अट कुठेतरी असते. ती आपण वाचून दाखवतो, पण पेला दाखवत नाही.

चाटणाऱ्या किरणांबाबत तर गोल आरसा पुरता फसतो. त्रिज्या १०० मीटर असलेला आरसा घ्या आणि त्यावर एक अंशाच्या कोनात झोत टाका. झोताच्या उभ्या दिशेतले किरण सुमारे ८७ सेंटिमीटरवर मिळतात, आडव्या दिशेतले जवळजवळ २.९ किलोमीटरवर. एकाच आरशाला दोन नाभी, एक टेबलावर आणि एक गावाबाहेर! निम्म्या त्रिज्येचे ५० मीटर यांपैकी कुठेच नाही. १९४८ साली स्टॅनफर्डच्या कर्कपॅट्रिक आणि बेझ या दोघांनी यावर साधा तोडगा काढला. एक आरसा फक्त उभ्या दिशेत वळवायचा, त्यापुढे काटकोनात दुसरा ठेवायचा, तो आडव्या दिशेत वळवायचा. आजही जगभरच्या क्ष-किरण केंद्रांत ही जोडी वापरात आहे. यांपैकी आल्बर्ट बेझ पुढे युनेस्कोत विज्ञान-शिक्षण विभागाचे काम पाहत होते. गायिका जोन बेझ हिचे वडील म्हणून त्यांचा उल्लेख अधिक होतो, ते असो. १९५२ साली हान्स वोल्टर यांनी अन्वस्त आणि अपास्त असे दोन पृष्ठभाग एकामागे एक ठेवण्याची रचना सुचवली, तीही सूक्ष्मदर्शकासाठी; तिचा मोठा उपयोग मात्र दुर्बिणींत झाला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेली, १९९९ साली सोडलेली 'चंद्रा' वेधशाळा याच रचनेची आहे.

आकार बरोबर असणे आणि पृष्ठभाग गुळगुळीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वृत्तांत लिहिणारे त्या सर्रास एक करतात. १९९० साली सोडलेल्या हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा अतिशय गुळगुळीत होता. पण त्याची कड हवी त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासली गेली होती, आणि तेवढ्याने चित्रे पसरट आली. गुळगुळीतपणा नसेल तर प्रकाश विखुरतो, आकार चुकला तर तो चुकीच्या जागी जातो. किती चूक चालेल? समोरून पडणाऱ्या प्रकाशासाठी साधा दंडक असा, की उंचवटा तरंगलांबीच्या आठव्या हिश्श्याहून मोठा नको. हिरव्या प्रकाशासाठी हे सुमारे ७० नॅनोमीटर होतात, १३.५ नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी जेमतेम १.७. तीस सेंटिमीटरचा आरसा ताणून मुंबईपासून नागपूरपर्यंत पसरला असे समजा, तर त्यावर चार मिलिमीटरचा, तुरीच्या दाण्याएवढा उंचवटा चालेल, त्याहून मोठा नाही. किरण चाटत जाणार असेल तर ही अट पुष्कळ सैल होते. त्याची किंमत लांबीत मोजावी लागते: पाच मिलिमीटर जाडीचा झोत एक अंशाच्या कोनात झेलायला जवळजवळ २९ सेंटिमीटर लांब आरसा हवा.

प्रकाश अतिशीघ्र असला की आणखी एक अट येते, आणि ती आमच्या मते सगळ्यात सुंदर आहे. १५ फेम्टोसेकंदांत प्रकाश साडेचार मायक्रॉन जातो. म्हणजे तो स्पंद झोत नसून प्रकाशाची पातळ चकती आहे. २०२३ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आगोस्तिनी, क्राउस आणि लुइलिए यांना ज्या स्पंदांसाठी मिळाले, ते तर अॅटोसेकंदांत मोजतात. १०० अॅटोसेकंदांत प्रकाश केवळ ३० नॅनोमीटर सरकतो. अशा चकतीचा प्रत्येक भाग नाभीवर एकाच वेळी पोचला पाहिजे, नाहीतर स्पंद पसरतो आणि शीघ्रपणाच जातो. शिवाय इतक्या आखूड स्पंदात एकच तरंगलांबी राहू शकत नाही, अनेक असतात. भिंगासारखी किंवा विवर्तनावर चालणारी साधने प्रत्येक तरंगलांबीला वेगळ्या जागी नेतात. थरांचा आरसा थोड्याच तरंगलांब्या परतवतो. चाटून परावर्तन करणारा साधा धातूचा आरसा मात्र रंग पाहत नाही. त्याला आकार लंबवर्तुळाचा दिला, एका नाभीवर उगम आणि दुसऱ्या नाभीवर नमुना ठेवला, की काम झाले. दोन टाचण्या आणि दोऱ्याचे वेटोळे घेऊन लंबवर्तुळ काढताना आपण मुलांना सांगतो की दोन नाभींपासूनच्या अंतरांची बेरीज कायम असते. कायम बेरीज म्हणजे सारखा मार्ग, सारखा मार्ग म्हणजे सारखा वेळ. भूमितीच्या तासाचा दोरा इथे फेम्टोसेकंदांचे घड्याळ होतो.

असा नळीसारखा लंबवर्तुळाकृती आरसा आतून घासणे जवळजवळ अशक्य. तोक्यो विद्यापीठातील गटाने उलटी वाट धरली. क्वार्ट्झ काचेचा भरीव साचा बाहेरून हव्या त्या आकारात नेमका घासायचा, त्यावर विद्युत्‌विलेपनाने निकेलचा जाड थर चढवायचा आणि तो थर साच्यावरून सोडवून घ्यायचा. साच्याची बाहेरची बाजू आरशाची आतली बाजू होते. २०१९ साली अशा आरशाने त्यांनी मृदू क्ष-किरणांचे अनेक तरंगलांब्या असलेले स्पंद एका मायक्रॉनहून लहान ठिपक्यात आणले. साच्यावरून पृष्ठभाग उचलण्याची युक्ती आपल्याला अनोळखी नाही. 'अॅस्ट्रोसॅट' या २०१५ साली सोडलेल्या भारतीय उपग्रहावरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. तिच्या अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर सोन्याचा मुलामा गुळगुळीत काचेवरून उचलून बसवला आहे. मात्र तिथे अन्वस्ताऐवजी सरळ शंकू वापरले, अशा सुमारे चाळीस कड्या एकात एक बसवल्या, आणि ठिपका थोडा मोठा येईल हे समजून-उमजून पत्करले. दूरच्या ताऱ्याचा मंद प्रकाश जास्तीत जास्त गोळा करणे तिथे महत्त्वाचे होते. आकार किती काटेकोर हवा हे काम ठरवते, हा मुद्दा या दोन आरशांची तुलना करून वर्गात चांगला मांडता येईल.

जाता जाता एक प्रयोग. खरखरीत पुठ्ठ्याची वही डोळ्याजवळ आडवी धरा आणि तिच्या पृष्ठभागाला चाटून खिडकीकडे पाहा. खिडकीचे अंधूक प्रतिबिंब दिसेल. वही उचलून समोर धरली की नाहीसे होईल. कोन लहान झाला की खडबडीतपणाही कमी भासतो. वरच्या गणितातली सैल झालेली अट ती हीच. (खिडकीतून सूर्य दिसत असेल तर हे करू नये.)

बातमी कशी हवी होती? आम्ही करून पाहिली ती अशी: 'हॅम्बर्ग येथे अतिशीघ्र मृदू क्ष-किरण लेसरचा झोत एका अन्वस्ताकृती आरशाने मायक्रॉनहून लहान ठिपक्यात आणण्यात आला. तेथील अॅल्युमिनियमच्या जवळजवळ प्रत्येक अणूने एक आतला इलेक्ट्रॉन गमावला, आणि सुमारे ४० फेम्टोसेकंद तो धातू त्याच किरणांना पारदर्शक झाला. डोळ्यांना त्यातून काही दिसले नसते.' तीन वाक्ये झाली. मागच्या बाकावरच्या त्या मुलीचे उत्तरही त्यात आले. मथळा मात्र आम्हाला अजून सुचलेला नाही.